ग्लास चुकला आणि मामा रुसले

दापोडे, ता. भिवंडी
शुक्रवार, जेवणानंतर

आदरणीय तुळशीरामदादा यांना,

दापोड्याहून तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे केसरीनाथचा, नमस्कार. (रागावलेल्या माणसाच्या पाया पडायला वाकलं की तो पाय मागे घेतो, म्हणून नमस्कार लांबूनच करतो आहे.) तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? गोळी वेळेवर घेता ना? गुडघ्याला ते हिरवं तेल लावता, की कमळावहिनींनी आणून कपाटात ठेवलं तसंच आहे? सासूबाईंना सांगा, त्यांची आठवण येते. तुमच्या वडप्याला हायवेची धूळ कमी झाली असेल तर कळवा, आमच्याकडे वाढली आहे. बाकी आमचं सगळं ठीक, म्हणजे पत्रात ठीक लिहायची पद्धत आहे म्हणून ठीक. तुमची बहीण निशा तुमच्या नावाने दिवसातून दोनदा रडते. एकदा स्वयंपाक करताना (तेव्हा कांदा असतो) आणि एकदा मालिका बघताना (तेव्हा मालिका असते). त्यामुळे त्यातलं नक्की किती रडणं तुमच्या वाट्याचं, हे मला सांगता येत नाही.

आता या जमान्यात पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. तर तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलात. निशाच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकून ठेवून दिलात. मंगळवारी मी जातीने वडप्याला आलो. मानकोली नाक्यावर एक कंटेनर रस्त्यात आडवा झोपला होता, त्याला कंटाळून ड्रायव्हरही आत झोपला होता, तरी मी आलो. तुमच्या ओट्यावर उभा राहून हाक मारली, तर तुम्ही आतून टीव्हीचा आवाज वाढवलात. मी आणखी मोठ्याने हाक मारली, तुम्ही आणखी आवाज वाढवलात. दादा, जाहिरात चालू होती. भांडी घासायच्या साबणाची जाहिरात एवढ्या मोठ्याने कोणी हौसेने ऐकत नाही, एवढं मलाही समजतं. शेवटी तुमचा शेजारी बाहेर येऊन मलाच म्हणाला की टीव्ही जरा हळू करा. म्हणून हे पत्र, आजच माणसाच्या हाती पाठवतो. पत्र ब्लॉक करता येत नाही. फाडता येतं, पण तुम्ही विजेचं जुनं बिलसुद्धा वाचल्याशिवाय फाडत नाही, हे मला ठाऊक आहे.

मुद्द्यावर येतो. उद्या उन्नतीची हळद आणि रविवारी लग्न. तुम्ही तिचे सख्खे आणि एकुलते एक मामा. नवरीला हाताला धरून मांडवात मामाने आणायचं, ही रीत आपल्या दोन्ही घरांत आजवर मोडली नाही. (माझ्या बहिणीच्या वेळी आमचा मामा पाय प्लास्टरमध्ये घालून आला होता. नवरीनेच त्याला मांडवात आणलं, पण रीत मोडली नाही.) आणि तुम्ही निरोप पाठवलात की, "मी न्हाय येनार. तुमची ती फॉरेनची मंडली हायत, त्यातलाच कोन तरी मामा करा." हा निरोप मी ऐकला, समजून घेतला आणि बाजूला ठेवला. तुम्ही येणार आहात. हे मी ठरवलेलं आहे. आता फक्त तुम्हाला पटवून द्यायचं राहिलं आहे, त्यासाठी पुढचा कागद.

तुमचा पहिला आरोप टीव्हीचा. तुमच्या म्हणण्याप्रमाणे केसरीनाथ चढला, त्याला आता आपल्या मालिका चालत नाहीत. खरं काय झालं ते ऐका. जावईबापू, म्हणजे बार्ट, बेल्जियमचे. (गावाने पहिल्याच दिवशी त्यांचा भरत करून टाकला, आणि ते त्या नावाला ओ देतात.) मानकोलीच्या गोडाऊनमध्ये पार्सलं आपोआप वाटणारे पट्टे बसवायला आले, तिथे आपली उन्नती शिफ्ट सांभाळत होती, आणि पट्टे बसवून झाले तरी यांचं काम संपेना, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. ते असो. तो मुलगा पहिल्यांदा रविवारी घरी आला. मी विचारलं, तुमच्याकडे रविवारी लोक टीव्हीवर काय बघतात? तो म्हणाला, सायकलची शर्यत. झालं, मी उन्नतीला सांगून तिच्या लॅपटॉपवरून ती शर्यत टीव्हीवर लावून घेतली. त्याला आत्ता बघायची आहे का, हे मी विचारलं नाही. पाहुण्याला विचारायचं नसतं, वाढायचं असतं.

आणि नेमके सात वाजता तुम्ही आलात. दर रविवारी येता तसे, महाएपिसोड बहिणीबरोबर बघायला, हातात सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन. सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यात (तिथला फोम आता फक्त तुम्हालाच बसतो) बसलात. त्या दिवशी मेलेली सासू परत येणार होती, आठवडाभर जाहिरात चालली होती, हे मला मागाहून निशाकडून कळलं. तुम्ही मुकाट्याने सायकली बघत राहिलात. बऱ्याच वेळाने विचारलंत, कोण जिंकतंय? बार्ट उन्नतीमार्फत म्हणाला, ते आत्ताच कसं सांगणार, अजून दोन तास आहेत, आत्ता ते नुसतं खाऊन घेताहेत. आणि खरोखरच पडद्यावर एक माणूस सायकल चालवता चालवता केळं खात होता. त्यावर तुम्ही म्हणालात, "शिफ्ट सुटली का आपल्या नाक्यावरनं पावरलूमवालं येवढ्याच सायकली घेऊन जातान. त्यांना कोन टीव्हीवर दावतंय?" दादा, मुद्दा बिनतोड होता. बिनतोड मुद्दा आपल्या मेव्हण्याने पाहुण्यांसमोर मांडला की माणसाला राग येतो. त्या रागात मी म्हणालो, "दादा, कधीतरी जरा दर्जेदार बघायला शिका."

आता "दर्जेदार" या शब्दाबद्दल. हा शब्द मी आयुष्यात सिमेंट, पत्रे आणि लग्नपत्रिका यांच्याबद्दलच वापरलेला आहे. टीव्हीबद्दल तो तोंडातून कसा गेला, मला माहीत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की तो तुमच्याबद्दल नव्हता, मालिकेबद्दल होता. (निशा म्हणते, मग तो तिच्याबद्दल होता. तो हिशेब घरातल्या घरात चालू आहे.) पण तुम्ही उठलात आणि बोंबलांची पिशवी परत घेऊन गेलात. आणलेलं परत नेलंत, हे बहिणीला जास्त लागलं. त्याचा जाब मी तुम्हाला विचारत नाही, नुसतं नोंदवून ठेवतो.

दुसरा आरोप ग्लासाचा, आणि तो जास्त जड आहे, हे मी जाणून आहे. साखरपुड्याला बार्टचे आईवडील आले. त्यांच्या देशात बिअर म्हणजे आपल्याकडे तांदूळ. कोणत्या शेतातला, जुना की नवा, कशासोबत खायचा, याच्यावर तिथे माणसं तासभर बोलतात. आणि प्रत्येक बिअरचा ग्लास वेगळा. एकीचा पसरट, एकीचा उभट, एकीचा असा गोल की तो खाली ठेवायला लाकडाचा वेगळा स्टँड. एकीचा ग्लास दुसरीला चालत नाही. आपण काही कमी नाही, हे त्या मंडळींना दिसावं म्हणून मी ठाण्यापासून अंधेरीपर्यंत फिरून त्या बाटल्या आणि ते ग्लास गोळा केले. ओतायचं कसं तेही व्हिडिओ बघून शिकलो. ग्लास तिरका धरायचा, फेस दोन बोटं. (बायका आत विचारत होत्या, की दाजी फेस का मोजतात?) मांडवाच्या पुढे पांढऱ्या चादरीचं टेबल लावलं, आणि गावासाठी मागे पाण्याच्या टँकरजवळ निळ्या पिंपात बर्फ टाकून आपली नेहमीची स्ट्राँग बिअर ठेवली.

आपली रीत अशी की घरच्या कार्यात पहिला ग्लास यजमानाने स्वतःच्या हाताने मामाला द्यायचा. मी तो बार्टच्या वडलांना दिला. हा घाईचा दोष. तुम्ही मोठ्या मनाने मागे गेलात, पिंपातली बाटली घेतलीत आणि पुढे येऊन टेबलावरचा एक ग्लास उचलून त्यात ती ओतू लागलात, कारण मागे प्लास्टिकचे ग्लास संपले होते. आणि मी, फेस मोजण्याच्या तंद्रीत, चारचौघांत म्हणालो, "दादा, तो ग्लास या बिअरचा नाही," आणि तुमच्या हातातून काढून घेतला.

सगळ्या मांडवाने ते ऐकलं. डीजेवाला नेमका त्याच वेळी गाणं बदलत होता, हे माझं नशीब. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "केसरीनाथ, तुला ग्लास दिसतो, मानूस न्हाय दिसत." लग्न झाल्यापासून तुम्ही मला दाजी म्हणत आला आहात. त्या दिवशी पहिल्यांदा नावाने हाक मारलीत, तीही अशा कामासाठी. मग न जेवता निघून गेलात. मी चुकलो असं मी या पत्रात कुठेही लिहिणार नाही. ग्लास चुकला होता, एवढंच लिहितो. पण घरातून पाहुणा न जेवता गेला की काय वाटतं, ते मला त्या संध्याकाळी कळलं, आणि तो पाहुणा तुम्ही होतात म्हणून दुप्पट कळलं.

तुम्ही गेल्यावर त्या टेबलाचं काय झालं हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, कारण सांगणारे सगळे हसत होते. बार्ट आणि त्याचे वडील दोन घोट घेऊन टेबल सोडून गेले. शोधायला गेलो तर टँकरमागे, निळ्या पिंपाशी, आपल्या पोरांच्या घोळक्यात उभे. मी म्हटलं, अहो, तुमची बिअर पुढे आहे. उन्नतीने भाषांतर केलं की, ती तर आम्ही घरीच पितो, एवढं लांब आलो ते इथली प्यायला. आपली स्ट्राँग त्यांना आवडली का, हे मी विचारलं. ते म्हणाले, वेगळी आहे. त्या देशात हे कौतुक असतं की तक्रार, मला माहीत नाही, पण थोड्या वेळाने ते खुर्चीत बसल्या बसल्या झोपले आणि डीजेच्या गाण्यांनाही उठले नाहीत. पांढऱ्या चादरीवरच्या बाटल्या आपल्या एकाही माणसाने संपवल्या नाहीत. एकीला आंबलेल्या ताकाचा वास, एक कडू, आणि एक लाल, चेरीची, खोकल्याच्या औषधासारखी. ती लाल तेवढी संपली. ती तुमच्या आईने संपवली. सासूबाईंना सरबत म्हणून एक ग्लास कोणीतरी दिला, मग त्यांनी दुसरा मागून घेतला, मग त्या बार्टच्या आईचा हात हातात धरून आपल्या लग्नाची सगळी गोष्ट सांगत बसल्या, मराठीतून, आणि त्या बाई मान हलवत होत्या. म्हणजे भिवंडी तालुक्यात परदेशी बिअरची खरी पारख असलेली एकच व्यक्ती आहे आणि ती तुमच्या घरात माळ जपत बसलेली आहे. (त्यांना हे सांगू नका. त्या अजून सरबतच म्हणतात, आणि परवा फोनवर विचारत होत्या, हळदीला ते लाल सरबत आहे ना?)

टीव्हीचंही तसंच झालं. बार्ट त्या रविवारपासून विचारत होता, ते मामा का उठून गेले. मी म्हटलं, डोकं दुखत होतं. मी जे सांगितलं नाही ते उन्नतीने सांगितलं. तेव्हापासून तो रोज संध्याकाळी निशाजवळ बसून मालिका बघतो. उन्नती सांगत जाते, हा कोण, ती कोण, ही का रडते. आता तो उन्नतीच्या आधी ओळखतो की दार वाजलं म्हणजे कोण आलं. आणि त्याने काय सांगितलं, माहीत आहे? की त्याची आई तिकडे रोज संध्याकाळी अशीच एक मालिका बघते, तीस वर्षं झाली, अजून संपलेली नाही, आणि त्या वेळी घरात कोणी फोन केला तर ती उचलत नाही. तीस वर्षं, दादा! आपल्या मालिकेतल्या सासवा तीस वर्षांत तीनदा मरून परत येतील. म्हणजे सगळ्या जगात बायका मालिका बघतात, पुरुष बाजूला बसून बघत नाही असं दाखवतात, आणि दर्जा दर्जा करत ओरडणारा एकटा मी. तो साहेब आमच्या मालिकेचा झाला, त्याचे वडील आमच्या पिंपाचे झाले, आणि या सगळ्यात परदेशी काय तो मीच उरलो.

पण म्हणून चढेलपणाचा सगळा डाग एकट्या माझ्या शर्टावर मी घेणार नाही. तुम्हीही काही कमी नाही. ताडी समोर आली तर नाक मुरडता, म्हणे ती शेतावर राबणाऱ्यांनी प्यायची, आपण आता थोडेच शेतावर जातो. हिंदी मालिका बघणाऱ्यांना तुम्ही "त्यांना काय कळतंय" म्हणता. बातम्या बघणाऱ्यांना रिकामटेकडे म्हणता. एकाच कंपनीची स्ट्राँग पिता आणि दुसरी कोणी दिली तर बाटली फिरवून फिरवून बघता, जसा सोनार खोटं नाणं बघतो. तुमच्या वडलांनी वडप्याला खाचरात चिखल तुडवला, माझ्या वडलांनी खाडीत जाळं टाकलं, आणि आज आपल्या जमिनींवर गोडाऊनच्या पत्र्याच्या शेड उभ्या राहून भाडं येतं म्हणून आपण दोघं ग्लास आणि बाटल्या निवडतो आहोत. तेव्हा आरोप करायचा तर दोघांनी एकमेकांवर करू, पण मांडवात शेजारी शेजारी बसून करू. लांबून केलेल्या आरोपात मजा नाही.

आता उन्नतीचं. तिला मी सांगितलं की मामा नाही आले तर चुलत मामा दौलत आहे, तयार आहे. (तयार म्हणजे किती, तर त्याने नवा कोट शिवला आणि दाढीला रंग लावला. मला तर वाटतं तुमचं रुसणं त्यानेच नवस बोलून मागितलं असावं.) पोरगी म्हणाली, "मना तुळशीमामाच होवा. नायतर मी खोलीतच बसून राहीन." एवढं बोलून ती पुन्हा लॅपटॉपवर शिफ्टचं काम करू लागली. दादा, ती रडली असती तर मी समजूत घातली असती. ती कामाला लागली, म्हणजे तिने ठरवलं. तुमचीच भाची. पहिलीपासून दहावीपर्यंत पाऊस असो की धूळ, तुमच्या मोटरसायकलच्या टाकीवर आणि मग मागच्या सीटवर बसून ती शाळेत गेली. मी तेव्हा जमिनीच्या तारखांना कोर्टात असायचो. तुमच्या हाताला धरून चालायची सवय तिला आहे, आणि ती माझी मुलगी असली तरी त्या बाबतीत माझा तुमच्यावर काही हक्क नाही, फक्त विनंती आहे. लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारीण बाईंनाही कळलं आहे. त्या म्हणाल्या, मामा उभा राहिल्याशिवाय मी धवला धरायची नाही. म्हणजे मुहूर्त, गाणं आणि नवरी, तिन्ही तुमच्यासाठी खोळंबणार.

माझा बेत असा आहे. उद्या संध्याकाळी मी गाडी घेऊन वडप्याला येतो. तुम्ही आवाज वाढवलात तर मी ओट्यावर बसून तुमच्याबरोबर जाहिराती ऐकेन. दार उघडलं नाहीत तर कमळावहिनी उघडतील (त्यांच्याशी बोलणं झालेलं आहे). तुम्ही शिव्या दिल्यात तर ऐकेन, दाजी नाही म्हणालात तरी चालेल. पण हळदीच्या मांडवात पहिला ग्लास तुमच्या हातात पडेपर्यंत मी दुसऱ्या कोणाला पाणीसुद्धा देणार नाही, मग बेल्जियमचा राजा का येईना.

कळावे, लोभ असल्याचं मला ठाऊक आहे, तो फक्त बाहेर काढावा.

तुमचा
केसरीनाथ

ता.क. सासूबाईंना गाडीत पुढे बसवू. लाल सरबताच्या चार बाटल्या मी बाजूला काढून ठेवल्या आहेत, पण ते त्यांना मांडवात आल्यावरच सांगायचं.

ता.क. दुसरा. बार्टच्या आईने काल सांगितलं की त्यांच्याकडे नवरीला मामा आणत नाही, बाप आणतो. हाताला हात घालून, सगळ्यांच्या मधून. उन्नती म्हणाली, बाबा, मामा आलेच नाहीत तर तुम्ही आणा मला, त्यांच्या पद्धतीने. आता तुम्ही म्हणाल, झालं, केसरीनाथची हौस भागली, मग मला कशाला बोलावतो? म्हणून खरं लिहितो. आज सकाळी आपलं मागचं गोडाऊन रिकामं होतं, तिथे मी एकट्याने चालून बघितलं. हात असा वाकवून, तिचा हात त्यात आहे असं समजून. ती रविवारनंतर त्या देशात जाणार हे मला महिनाभर माहीत आहे, पण ते चालताना कळलं. अर्ध्यातच मालाच्या लाकडी पॅलेटवर बसलो. वॉचमन धावत आला, पाणी दिलं, आणि हळू आवाजात विचारलं, "सेठ, कोई गुजर गया क्या?" मी म्हटलं, नाही रे, बेटी की शादी है.

तेव्हा दादा, नवरीचं काय, रडतखडत दौलतसुद्धा आणील. मला मांडवात आणायला मात्र तुम्हीच लागाल.